संघांत राहावें कीं बाहेर पडावें?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आम्ही दहावीच्या वर्गांत युरोपखंडाचा नकाशा शिकवीत होतों. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व त्यानें विचारलें, "गुरुजी, या नकाशांत सत्तावीस देशांना एकच रंग दिला आहे, मग शेजारच्या इंग्लंडला निराळा रंग कां?" ते देश युरोपीय संघाचे सभासद आहेत आणि ब्रिटन त्या संघांतून बाहेर पडलें, असें आम्हीं सांगितलें. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता: "मग बाहेर पडून बरें झालें कीं वाईट?" आम्ही उत्तरास आरंभ करणार तोंच तासाची घंटा झाली, व उत्तर अपुरें राहिलें. तें पुरें करण्याचा यत्न या लेखांत केला आहे. पालकवर्गानेंहि तो वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण हा प्रश्न वरवर सातासमुद्रांपलीकडचा दिसत असला, तरी हिंगोलीच्या माणसांनीं तो एकदां आपल्या दारांत उभा राहिलेला पाहिला आहे.

प्रथम संघ म्हणजे काय हें समजून घेऊं. एकत्र कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. चार भाऊ एका वाड्यांत राहतात. विहीर एक, बैलजोड्या समाईक, बाजारांत पत घराच्या नांवावर. प्रत्येकास स्वतंत्र विहीर खणावी लागत नाहीं, व अडीअडचणीच्या वेळीं एकमेकांचा आधार असतो. परंतु कोणत्या शेतांत काय पेरावें आणि पैसा कशावर खर्चावा, हें एकट्याच्या मर्जीनें ठरवितां येत नाहीं. राष्ट्रांचा संघहि असाच असतो. युरोपीय संघांतील देश एकमेकांच्या मालावर जकात घेत नाहींत. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांची जकात एकच असते. एका देशाचा मनुष्य दुसऱ्या देशांत जाऊन नोकरी-धंदा करूं शकतो. या सोयीच्या मोबदल्यांत प्रत्येक देश आपल्या अधिकाराचा कांहीं भाग समाईक पेटींत ठेवतो. म्हणजे लाभ व्यवहाराचा, आणि त्याची किंमत द्यावयाची ती अधिकाराच्या रूपानें. वाद उत्पन्न होतो तो ही किंमत योग्य आहे कीं अवाच्या सवा आहे, या मुद्द्यावर.

ब्रिटन या कुटुंबांत १ जानेवारी १९७३ रोजीं शिरलें. दोनच वर्षांनीं, १९७५ सालीं, राहावें कीं नाहीं असें तेथील लोकांस विचारण्यांत आलें; तेव्हां सुमारें दोनतृतीयांश मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं. पुढें २३ जून २०१६ रोजीं तोच प्रश्न पुन्हां लोकांपुढें ठेवला गेला. या वेळीं शेंकडा सुमारें ५२ मतें बाहेर पडण्याच्या व ४८ राहण्याच्या बाजूनें पडलीं. आपले कायदे आपल्याच पार्लमेंटनें करावे, संघाच्या तिजोरींत जाणारा पैसा घरींच राहावा, आणि परदेशांतून किती माणसें येऊं द्यावयाचीं हें आपण ठरवावें, असें बाहेर पडूं पाहणारांचें म्हणणें होतें. आपला जवळजवळ निम्मा व्यापार याच शेजाऱ्यांशीं चालतो, तो अडखळल्यास पोटावर पाय येईल, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें होतें. अखेरीस ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर पडलें.

या फारकतींत एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटिश राज्याचा भाग आहे, व त्याच्या शेजारीं आयर्लंडचें स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. तें प्रजासत्ताक संघांतच राहिलें. त्या प्रदेशांत अनेक वर्षें रक्तपात झाला होता, व १९९८ सालच्या करारानंतर तेथें शांति नांदूं लागली होती. सीमेवर पुन्हां नाके उभारले तर जुनी जखम उघडी पडेल, ही भीति सर्वांसच होती. म्हणून जमिनीवरील सीमा मोकळी ठेवून मालाची तपासणी समुद्राच्या बाजूस, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या दरम्यान नेली. परिणामीं एकाच राज्याच्या दोन भागांमध्यें जकातीचे कागद आले! २०२३ सालीं नवा करार करून हा जाच पुष्कळसा हलका करावा लागला. सीमा कागदावर आंखणें सोपें असतें. ती कोणाच्या अंगणांतून जाते हें मागाहून कळतें.

अंगणांतून गेलेली सीमा कशी असते, हें आपल्या जिल्ह्यास नवीन नाहीं. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झाला, हें आपणांस ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधीं, १९४८ पर्यंत, हा सर्व मुलूख निझामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडचें वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं होतें. अलीकडे हिंगोली व कळमनुरी, पलीकडे वाशीम, पुसद आणि उमरखेड. दोन्ही तीरांवर भाषा मराठी, पिकें तींच, सोयरिकी एकमेकांकडे. परंतु नदी ओलांडली कीं नाणें बदलत असे.

इकडे निझामाचा हाली सिक्का चाले आणि तिकडे इंग्रजी कलदार रुपया. दोघांचा ठरीव दर असा होता कीं १०० रुपये कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबानें सहा कलदारांस सात हाली. विद्यार्थ्यांनीं हें त्रैराशिक करून पाहावें, म्हणजे वऱ्हाडांतील बाजारांत एक बैल विकत घेण्यापूर्वीं आपल्या पणजोबांना केवढें गणित करावें लागत असेल याची कल्पना येईल. शिवाय संस्थानाची स्वतःची जकात होती. तिला करोडगिरी म्हणत, आणि सीमेवर तिचे नाके असत. संस्थानाची स्वतःची आगगाडीहि होती. तिचा सिकंदराबादहून पूर्णा, परभणी, जालना यांवरून मनमाडास जाणारा मार्ग अरुंद रुळांचा होता, आणि मनमाडाहून मुंबईकडे जाणारा मार्ग रुंद रुळांचा. म्हणून मुंबईस जाणारा माल मनमाडास एका गाडींतून उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. संस्थानास समुद्रकिनारा नव्हता. मीठसुद्धां बाहेरूनच आणावें लागे. येथील कापसाचें मोठें गिऱ्हाईकहि बाहेरचेंच होतें.

अशा स्थितींत १९४७ साल उगवलें. इंग्रज जाणार हें ठरलें, व संस्थानांवरील त्यांची अधिसत्ता संपुष्टांत येणार हेंहि ठरलें. हैदराबादचे निझाम मीर उस्मान अली खान यांनीं जून १९४७ मध्यें असें जाहीर केलें कीं आपण हिंदुस्थानच्या किंवा पाकिस्तानच्या घटनासमितींत प्रतिनिधि पाठविणार नाहीं. इंग्रजी सत्ता संपतांच आपलें राज्य स्वतंत्र व सार्वभौम होईल.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंहि न्यायबुद्धीनें ऐकावें, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. तेव्हां निझामाच्या पक्षाची बाजू प्रथम मांडतों. संस्थानाचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल होतें. इंग्लंड व स्कॉटलंड हे दोन्ही देश एकत्र केले तरी त्यांहून तें किंचित् अधिकच. लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें १ कोटी ६० लक्षांवर होती. स्वतःचें नाणें, टपाल, आगगाडी व विद्यापीठ होतें. उस्मानिया विद्यापीठानें १९१८ पासून देशी भाषेंतून, म्हणजे उर्दूंतून, उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला होता. युरोपांतील अनेक लहान देश याहून अल्प साधनांवर स्वतंत्र राहतात. मग हैदराबादनेंच कां राहूं नये, असा हा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता.

तरी तो टिकला नाहीं. कां टिकला नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्ही तीन कसोट्या लावतों. संघाच्या कोणत्याहि वादास त्या लागू पडतात असें आम्हांस वाटतें. पहिली कसोटी व्यवहाराची: वेगळें झाल्यावर रोजचें जगणें कसें चालेल? दुसरी अधिकाराची: जो अधिकार परत मिळवावयाचा म्हणतां, तो मिळाल्यावर कोणाच्या हातीं जाईल? तिसरी संमतीची: ज्यांना याचीं फळें भोगावयाचीं आहेत त्यांना विचारलें आहे काय?

व्यवहाराची कसोटी घ्या. संस्थान चारी बाजूंनीं हिंदी संघराज्याच्या भूमीनें वेढलेलें होतें. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हैदराबाद व हिंद सरकार यांच्यामध्यें एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. पूर्वींच्या व्यवस्था तशाच चालू ठेवाव्या असा त्याचा आशय होता. परंतु त्यानंतर लौकरच संस्थानानें हिंदी चलनावर निर्बंध घातला, मौल्यवान धातु बाहेर नेण्यास बंदी केली, आणि हिंद सरकारच्या रोख्यांच्या रूपानें २० कोटी रुपयांचें कर्ज पाकिस्तानास देऊं केलें. पुढें हिंद सरकार आपली आर्थिक कोंडी करीत आहे, अशी तक्रार हैदराबादनें केली. आपण केवळ युद्धोपयोगी सामान रोखलें आहे, असें हिंद सरकारनें सांगितलें. खरें-खोटें कांहींहि असो, ज्याच्या घरांतील मीठ व घासलेट शेजाऱ्याच्या दारावरून येतें, त्यानें त्या दाराशीं भांडण मांडतांना शंभरदां विचार केला पाहिजे.

अधिकाराच्या कसोटीवर तर संस्थानाचा पक्ष अगदींच लंगडा पडतो. राज्य स्वतंत्र असणें आणि राज्यांतील मनुष्य स्वतंत्र असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. संस्थानांत बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कानडी बोलणारे. राज्यकारभार व उच्च शिक्षण मात्र उर्दूंत. लोकांस जबाबदार असें मंत्रिमंडळ नव्हतें. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापन होतांच तिच्यावर बंदी आली. म्हणजे दिल्लीपासून जो अधिकार राखावयाचा होता, तो परभणीच्या शेतकऱ्याच्या किंवा हिंगोलीच्या विणकऱ्याच्या हातीं येणार नव्हता. तो एका सिंहासनापाशींच राहणार होता.

आणि संमति? स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं ७ ऑगस्ट १९४७ रोजीं संघराज्यांत सामील होण्यासाठीं सत्याग्रह सुरू झाला. १५ ऑगस्टच्या सुमारास स्वामीजी तुरुंगांत होते. जून १९४८ मध्यें जो तडजोडीचा मसुदा तयार झाला, त्यांत प्रौढ मतदानानें लोकमत आजमावण्याची तरतूद होती. परंतु निझाम सरकारनें तो मसुदा मान्य केला नाहीं. लोकांना विचारण्याची शेवटची संधि अशी हातची गेली.

जेथें मतपेटी बंद असते, तेथें दुसरीं शस्त्रें बाहेर येतात. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेनें गांवोगांव दहशत बसविली. वऱ्हाडच्या हद्दींत उमरखेडसारख्या ठिकाणीं स्वातंत्र्यसैनिकांनीं शिबिरें उघडलीं. हिंगोली-नांदेडकडील तरुण पैनगंगा ओलांडून तेथें जात. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें. हैदराबादची फिर्याद १६ तारखेस पॅरिस येथें सुरक्षा परिषदेपुढें निघाली, तोंच दुसऱ्या दिवशीं, १७ सप्टेंबर रोजीं, निझामानें शरणागति पत्करली. हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतों.

येथें आणखी एक सत्य सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. रझाकारांच्या अत्याचारांत पुष्कळ निरपराध हिंदूंचा बळी गेला; आणि सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत पुष्कळ निरपराध मुसलमानांचाहि गेला. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं मंडळ पाठवून चौकशी करविली. त्याचा अहवाल कित्येक दशकें अप्रसिद्ध राहिला. आमच्या वर्गांत दोन्ही प्रकारच्या घरांतील मुलें एका बाकावर बसतात. चूक सिंहासनाची होती आणि तिचें मोल गरिबांनीं दिलें, एवढें त्यांना कळलें तर पुरे. वाटणीचा तंटा वेळींच शांतपणें सोडविला नाहीं, तर तो अखेरीस कोणाच्या उंबऱ्यावर येऊन पडतो, हें यावरून दिसतें.

मग संघांत सामील झालें कीं सर्व दुःख सरतें काय? तसें मुळींच नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याचे भाषावार तीन भाग झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानें मागासलेल्या भागांकडे विशेष लक्ष देण्याचें वचन दिलें होतें, व संविधानाच्या ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची तरतूदहि झाली. तरी रस्ते, पाटबंधारे व शिक्षण यांत मराठवाडा मागें राहिला, ही तक्रार वाढत गेली. १९८४ सालीं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनें या अनुशेषाचें मोजमाप सरकारपुढें ठेवलें. विकास मंडळें प्रत्यक्षांत १९९४ सालीं आलीं, आणि त्यांची मुदत २०२० सालीं संपली. वचन लिहून घेतलें म्हणजे काम झालें असें नव्हे. घरांत राहणारानेंहि आपला वांटा दरसाल हिशेब मांडून मागावा लागतो.

येथें कोणी म्हणेल, मग आपणहि वेगळे कां होऊं नये? या प्रश्नांत दोन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत. राज्यांतून वेगळें होणें ही एक गोष्ट, देशांतून वेगळें होणें ही दुसरी. जुन्या हैदराबादचाच तेलुगू भाग १९५६ सालीं आंध्र प्रदेशांत गेला, आणि दीर्घ चळवळीनंतर २ जून २०१४ रोजीं संसदेच्या कायद्यानें तेलंगण हें स्वतंत्र राज्य झालें. परंतु तें देशाबाहेर गेलें नाहीं. तेथें जाणाऱ्यास नाणें बदलावें लागत नाहीं, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देशभर लागू झाल्यामुळें राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाकेहि उठले. वसमतची हळद आज हैदराबादेस किंवा दिल्लीस जातांना वाटेंत करोडगिरी भरीत नाहीं. देशांतून बाहेर पडण्याचें द्वार मात्र आपल्या संविधानांत ठेवलेलेंच नाहीं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटनासमितींत स्पष्ट केलें कीं हें संघराज्य घटक राज्यांच्या आपसांतील करारानें बनलेलें नाहीं, म्हणून कोणत्याहि राज्यास त्यांतून फुटून निघण्याचा अधिकार नाहीं. युरोपीय संघ हा राष्ट्रांचा करार आहे, व त्या करारांतच बाहेर पडण्याची रीत लिहिलेली आहे. दोहोंमध्यें हा मूळचा भेद आहे.

आतां त्या विद्यार्थ्याचें उत्तर देतों. ब्रिटननें लोकांना विचारलें, म्हणून बाहेर पडण्याचा त्यांचा हक्क आम्ही मानतों. या एका गोष्टींत ब्रिटनचें वर्तन निझामाहून सर्वस्वीं निराळें होतें. अधिकारहि तेथें लोकांनीं निवडलेल्या पार्लमेंटकडेच परत गेला. परंतु व्यवहाराची कसोटी त्यांनीं मत देण्यापूर्वीं पुरती लावली नाहीं. मतपत्रिकेवर 'राहावें' कीं 'निघावें' एवढेंच होतें. निघावयाचें तें कसें, जकात कोठें बसेल, आयर्लंडच्या सीमेचें काय, हें त्यावर नव्हतें. पुढें साडेतीन वर्षें ते याच प्रश्नांशीं झगडत राहिले. स्कॉटलंडमध्यें शेंकडा ६२ व उत्तर आयर्लंडमध्यें शेंकडा ५६ मतें राहण्याच्या बाजूचीं होतीं; त्यांचें समाधान कसें करावें हा प्रश्न उरलाच. म्हणून आमचें मत असें कीं, निर्णय कायदेशीर होता, पण तो घेण्यापूर्वीं हिशेब पुरा झाला नव्हता. विद्यार्थ्यांनीं हेंच मत स्वीकारावें असा आमचा आग्रह नाहीं. तिन्ही कसोट्या हातीं घ्याव्या, आंकडे तपासावे, आणि मग स्वतःचें मत बनवावें.

तुम्हांपैकीं बहुतेकजण दोन-तीन वर्षांत मतदार व्हाल. 'वेगळें व्हा' किंवा 'एकत्र राहा' अशा हांका तुमच्या कानीं पडतील. हांक मारणाराचा आवाज किती मोठा आहे यावरून निर्णय करूं नका. रोजच्या बाजाराचें काय होईल, अधिकार कोणाच्या हातीं जाईल, आणि आम्हांला विचारलें काय, हे तीन प्रश्न त्याला विचारा. आणि येत्या दिवाळीच्या सुटींत एक काम करा. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं नव्वदीच्या आसपासचे आजोबा-आजी असतील, त्यांच्यापाशीं बसून हाली व कलदार यांविषयीं, पैनगंगेवरील नाक्यांविषयीं आणि १९४८ च्या त्या सप्टेंबराविषयीं विचारा, व जें ऐकाल तें वहींत उतरवून ठेवा. सुटीनंतर त्या वह्या आम्ही वर्गांत वाचूं.